मुक्ताला, मण्यांच्या डब्यासोबत

वाई,
मार्गशीर्ष वद्य पंचमी

चि. मुक्ता हिस,


परवा तुझा फोन आला तेव्हा मी कुकरच्या तिसऱ्या शिट्टीची वाट बघत ओट्यापाशी उभी होते, त्यामुळे तुझं निम्मं बोलणं शिट्टीत गेलं आणि निम्मं माझ्या कानात. पण एक शब्द मात्र नीट ऐकू आला, कारण तो तू चार वेळा म्हणालीस. “आजी, मला मण्यांचं काम पटकन शिकव ना.” मग “पटकन एक व्हिडिओ कर,” मग “पटकन सांग कुठला दोरा घेऊ,” आणि फोन ठेवता ठेवता “पटकन बरी हो.” (सर्दी आहे गं नुसती, बरी होईल तिच्या गतीने.) व्हिडिओ काही मला जमणार नाही, तेव्हा हे पत्र लिहिते आहे आणि रविवारी तुझा बाबा येईल त्याच्याबरोबर माझा मण्यांचा डबाच पाठवून देते आहे. पत्र आधी वाच, डबा मग उघड. तू उलटं करणार हे मला माहीत आहे, तरी लिहून ठेवलं.

तुझ्या पहिल्या माळेचा फोटो आईने दाखवला. निळ्याशेजारी तू जो मातकट पिवळा घेतलास तो मला सुचला नसता. ती माळ तू खालच्या वॉचमनच्या मुलीला देऊन टाकलीस हेही आईनेच सांगितलं, तू नाही सांगितलंस. त्याबद्दल मी काही लिहीत नाही, तू तशीच आहेस. पण माळ तिसऱ्या आठवड्यात तुटली आणि तू म्हणालीस की त्या घरपोच आलेल्या किटमधला दोराच वाईट होता, ते मात्र मला अर्धंच पटलं. दोरा असेल वाईट, पण तू तो किती वाजता ओवायला घेतला होतास, आणि मालिका बघत बघत का, हे मला विचारायचं आहे.

वेळेचं म्हणतेय त्याला कारण आहे. मण्यांचं काम सकाळचं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाई पहाटे उठून सडा-रांगोळी, चहा उरकून, कृष्णेवरचं धुकं अजून घाटाच्या पायऱ्यांवर असतानाच माजघराच्या खिडकीशी ताट घेऊन बसायच्या, आणि मला वाटायचं, एवढ्या थंडीत ही काय हौस! पण दिव्याखाली काळा मणी आणि गडद निळा मणी सारखेच दिसतात, पांढरा आणि मोतिया तर हमखास फसवतात. रात्री जोडलेली रंगसंगती सकाळी उजेडात बघितली की आपलीच आपल्याला ओळख पटत नाही. शिवाय सकाळी घरात कोणी काही मागायला आलेलं नसतं. तुझ्या त्या फ्लॅटमध्ये पूर्वेची खिडकी स्वयंपाकघरात आहे ना, तिथे ओट्याचा कोपरा रिकामा करून घे. रोज अर्धा तास पुरे. रविवारी सलग पाच तास बसशील तर मान धरेल, आणि शेवटच्या तासातलं काम सोमवारी उसवावं लागेल.

बसायला पितळी ताट घे, त्यावर जुन्या पंच्याचा तुकडा अंथर. नुसत्या ताटात मणी पळतात, कापडावर थांबतात. एकेका रंगाची छोटी रास कर आणि आधी तांदूळ निवडतो तसे मणी निवड. हे कोणी शिकवत नाही, आणि निम्मं काम यातच असतं. काचेच्या मण्यांत काही चपटे निघतात, काही लांबुडके, काहींचं भोक अर्धवट बुजलेलं, काहींच्या कडेला कपची उडालेली. कपची उडालेला मणी दिसायला छान असला तरी घेऊ नकोस. काचेची ती कड करवतीसारखी असते, रोज थोडा थोडा दोरा कापते, आणि माळ तुटते तेव्हा आपण दोऱ्याला शिव्या देतो. तुझ्या माळेचं काय झालं असेल याचा माझा अंदाज हा आहे. चपटे मणी मात्र टाकायचे नाहीत. ते वेगळ्या बाटलीत ठेव. गोलाईचं काम करताना आतल्या बाजूला कुठे किंचितशी फट राहते, तिथे नेमका तो चपटा बसतो.

बाटल्यांवरून आठवलं. डब्यात तुला बुचाच्या इवल्या इवल्या बाटल्या दिसतील. तुझे आजोबा गल्लीत सगळ्यांना होमिओपथीच्या गोळ्या फुकट द्यायचे, त्यातल्या रिकाम्या झालेल्या मी धुऊन, उन्हात वाळवून मण्यांना घेतल्या. त्यांच्या चिठ्ठ्या काढलेल्या नाहीत, तेव्हा ‘नक्स व्होमिका’मध्ये लाल पोवळी रंग आहे आणि ‘अर्निका’त काळे बारीक मणी आहेत. प्लास्टिकचे कप्प्यांचे डबे मिळतात, मला माहीत आहे, घेऊ नकोस. तो डबा एकदा हातातून सुटला की सगळे कप्पे एकत्र होतात आणि मग सहा रंग वेगळे करत बसायला लागतं. आणि मणी सांडलेच तर केरसुणी हातात घेऊ नकोस, कणकेचा घट्ट मळलेला गोळा फरशीवर दाबत जा, सगळे चिकटून येतात. मग त्या गोळ्यातून मणी वेचून घ्यायचे.

मण्यांचे नंबर असतात, ते दुकानात गेल्यावर गोंधळात टाकतात, कारण नंबर जितका मोठा तितका मणी लहान. अकरा नंबरचा मणी साधारण दोन मिलिमीटरचा, आठ नंबरचा तीनचा. अकरा नंबरचे ओवलेस तर इंचाला अठराएक मणी बसतात, म्हणजे गळ्यालगतच्या अठरा इंची एका सराला सव्वातीनशेच्या आसपास झाले. तीन पदरी माळ म्हणजे हजार मणी, हे सांगते आहे ते घाबरवायला नाही. सुरुवात आठ नंबरने कर. माझी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून मीही आठावरच आले आहे, तेव्हा तू आणि मी एका इयत्तेत. तुला सामान आणायला बोहरी आळी जवळ आहे. तिथे जा, पण पहिल्यांदा जाशील तेव्हा पर्समध्ये मोजके पैसे ठेवून जा. तिथे माणूस पाच रंग घ्यायला जातो आणि पंचवीस घेऊन येतो. नवीन रंगाचे चार मणी रात्रभर साबणाच्या पाण्यात भिजत टाक. पाणी रंगलं तर ते मणी गळ्यात घालायचे नाहीत, घामाने मान रंगेल.

दोऱ्याचं सांगते. काचेच्या मण्यांना बारीक नायलॉन चालतो, मोत्यांना रेशीमच. दोरा कोणताही असो, ओवण्याआधी मेणाच्या वडीवरून दोनदा ओढून घ्यायचा. त्याने दोऱ्याचे केस बसतात, गुंता कमी होतो आणि गाठ धरते. मेणाची माझी वडी डब्यात आहे, तिच्यावर दोऱ्याच्या इतक्या चिरा पडल्या आहेत की एखाद्या देवळाच्या विहिरीचा काठ वाटतो. ती तीस वर्षांची आहे आणि अजून निम्मी शिल्लक आहे. दोरा हातभरच घ्यायचा. दोरा लांब घेतला की वाटतं, पुन्हा जोडायला नको, वेळ वाचेल. पण प्रत्येक टाक्याला तो सबंध दोरा ओढावा लागतो, मध्येच आढी पडते, आढी सोडवताना तो पिंजतो, आणि वाचवलेला वेळ व्याजासकट जातो. हात भरला, दोरा संपला, नवा जोडायला घेतला की पाठ सरळ करायची, खिडकीबाहेर बघायचं, पाणी प्यायचं. मला तर ती विश्रांती आवडते.

पहिला महिनाभर फुलंच कर. एक मणी मध्ये, भोवती सहा. करून बघ, सगळे मणी एकाच मापाचे असतील तर एका मण्याभोवती बरोबर सहाच बसतात, पाच घेतले तर फट पडते आणि सात बसतच नाहीत. हे मी ताटात मणी मांडून आजोबांना दाखवलं तर ते म्हणाले, “हे भूमितीत आहे, प्रत्येक कोन साठ अंशांचा.” असेल. मी भूमितीत नापास झाले होते आणि फुलं त्याच्या आधीपासून करत होते. तू इंजिनिअर आहेस, तुला दोन्ही कळेल. अशी वीस फुलं एकासारखी एक आली की त्यांना कानातलं करायचं की बांगडी करायची हे आपोआप सुचतं. आधीच ठरवून बसलीस तर फुलावर नजर राहत नाही.

आता माझी एक फजिती सांगते, जी तुझ्या बाबालाही पुरती ठाऊक नाही.

१९७१ साली तुझ्या मोठ्या आत्याआजीचं लग्न ठरलं. सासूबाईंचा मोत्यांचा एक सर होता, त्रेपन्न मोती, मधला टपोरा आणि दोन्ही बाजूंनी लहान लहान होत गेलेले. दोरा जुना, पिवळा पडलेला. सासूबाई म्हणाल्या, “पटवेकऱ्याकडे नेऊन गाठवून आण.” मी नवी, हौशी, हात चालतो असा गर्व. म्हटलं, मीच करते. आता मोत्याच्या सरात दर दोन मोत्यांमध्ये एक गाठ असते. एक म्हणजे मोती मोत्यावर घासत नाही, आणि दुसरं म्हणजे दोरा कुठे तुटलाच तर एखादाच मोती गळतो, बाकीचे आपापल्या गाठीत थांबून राहतात. त्रेपन्न मोत्यांना बावन्न गाठी. मी दहा घातल्या. सीमांतपूजन उद्यावर आलेलं, घरात पन्नास माणसं, चिवड्याचे पोहे निवडायचे राहिलेले. मला वाटलं, वरून कोणाला दिसतंय? बाकीचे नुसते ओवले, शेवटी फासा लावला आणि डबीत ठेवून दिला. दिसायला इतका सुंदर दिसत होता की सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मला अजून आठवतो.

दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, सगळ्यांनी अक्षता टाकल्या आणि नवरीने हार घालायला हात उचलले तेव्हा तिच्या शालूच्या जरीत सर अडकला. आवाज असा काही झाला नाही. वाजंत्री चालू होती. मला फक्त दिसलं की अक्षतांबरोबर आणखीही काहीतरी पांढरं खाली पडतंय.

त्या मांडवात सतरंज्या, त्यांच्यावर दोनशे माणसं, आणि पायाखाली तांदूळ. मोती शोधायला याहून वाईट जागा सांग. मी रडत रडत गुडघ्यांवर फिरले, मुलांना प्रत्येक मोत्यामागे एक लाडू कबूल केला, संध्याकाळपर्यंत एकावन्न मिळाले. (लाडू मात्र सत्तर गेले, मुलांचा हिशेब वेगळा होता.) सासूबाई मला एक अक्षर बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे, वऱ्हाड गेलं होतं, घर झोपलं होतं, त्यांनी मांडव झाडून आणलेल्या अक्षतांचा ढीग अंगणात ओतला, दोन सुपं आणली, एक माझ्यापुढे ठेवलं आणि एक स्वतः घेऊन माझ्या शेजारी बसल्या. आम्ही दोघी उजाडेपर्यंत पाखडत होतो. बावन्नावा मोती त्यांच्या सुपात निघाला. त्रेपन्नावा दिवाळीत, मांडवाची जाजमं उन्हात टाकली तेव्हा एका घडीत सापडला.

मग मी तो सर घेऊन पटवेकऱ्याकडे गेले. गणपती आळीच्या पुढे एका अरुंद ओट्यावर तो बसायचा, पायाच्या अंगठ्याला दोऱ्याचं टोक अडकवून, दोरा ताणून, गोंडे आणि गाठी करत. मी म्हटलं, मला शिकवा. तो म्हणाला, “शिकवायला वेळ नाही, बघायला मनाई नाही.” तेव्हा मी भाजी आणायला निघाले की रोज पाव तास त्याच्या ओट्यापाशी उभी राहायची. सात-आठ दिवसांनी कळलं की तो गाठ आवळतच नाही. आधी गाठ सैल ठेवतो, तिच्यात सुईचं टोक घालतो, त्या सुईने गाठ सरकवत सरकवत अगदी मोत्याच्या कुशीत नेतो, तिथे पोचली की सुई अलगद काढून मग दोरा ओढतो. आपण आधी आवळतो, आणि मग गाठ जिथे बसली तिथे. ती एक गोष्ट मला त्याच्याकडून मिळाली, पण ती पुरली. हे जमायला तुला पंधरा दिवस लागतील. मला महिना लागला होता, पण तेव्हा मी रुसलेली होते.

मोत्यांचं निघालंच आहे तर तुझ्या नावाबद्दलही. तुझं नाव आजोबांनी मुक्ताईवरून ठेवलं, आणि मी मनातल्या मनात मोत्यावरून, कारण मुक्ता म्हणजे मोतीही. हे त्यांना मी कधी सांगितलं नाही. मोती मऊ असतो बाई, काचेसारखा नाही. अत्तर, फवारे, पावडर सगळं आटोपल्यावर मग मोती घालायचे आणि घरी आलं की आधी मोती उतरवायचे, मऊ सुती कापडाने पुसायचे आणि आडवे ठेवायचे. खुंटीला टांगले तर रेशीम ताणून लांबतं. लिंबाने किंवा व्हिनेगरने स्वच्छ करायच्या भानगडीत पडू नकोस, मोत्याचं तेज आंबटाने जातं.

आजोबा इतिहास शिकवायचे हे तुला माहीत आहे, पण माझ्या या फजितीनंतर माझी समजूत काढायला त्यांनी काय सांगितलं ते माहीत नाही. आपल्याला नेवासं ज्ञानेश्वरीमुळे माहीत. तिथेच प्रवरेच्या काठी डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी १९५० नंतरच्या दशकात उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका लहान मुलाच्या सांगाड्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली, आणि त्या मण्यांच्या आत दोरा शिल्लक होता. तांब्याच्या क्षाराने त्याला कुजू दिलं नव्हतं. “बघ,” आजोबा म्हणाले, “दोरा टिकतो.” मी तेव्हा इतकी चिडलेली होते की म्हटलं, त्यांच्याकडे नणंदेचं लग्न नव्हतं. पण रात्री झोप लागेना. मला ते मूल दिसत होतं, आणि त्याच्यासाठी दिवसाच्या उजेडात बसून ती माळ ओवणारी बाई. तिने मण्यांमध्ये गाठी घातल्या होत्या की नाही, हे मला कोणीतरी सांगायला हवं होतं. त्याहून जुनं म्हणजे चाळीसगावजवळच्या पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडलेत, पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे. तेव्हा आपल्या खानदेशात शहामृग होते! त्या टणक कवचाला गारगोटीच्या टोकाने भोक पाडायला किती वेळ लागला असेल, हे तू पुढच्या वेळी ‘पटकन’ म्हणशील तेव्हा मी तुला विचारणार आहे.

विकण्याचं तू विचारलंस. इन्स्टाग्रामवर पान काढायचं, पहिल्या महिन्यात पन्नास कानातली, आणि जमलं तर नोकरीही कमी करायची. पैशांना माझी हरकत नाही, हाताने केलेलं फुकट वाटायचं असंही मी म्हणणार नाही; आमच्या वेळच्या बायकांनी फार फुकट वाटलं आणि मग घरच्यांना वाटलं की त्याला किंमतच नव्हती. पण अजून सहा महिने थांब. पहिले सहा महिने जे करशील ते स्वतः घाल, आईला घाल, ऑफिसातल्या मैत्रिणींना घाल, आणि वहीत लिही, कोणता हुक कधी निघाला, कोणाच्या कानाला काय खाजलं, कोणाचा रंग गेला. किंमत लावताना मणी, दोरा, हुक, डबी यांबरोबर तुझे तास लिही आणि उसवलेले तासही लिही. हा हिशेब मी आयुष्यात एकदाच केला, एका ओळखीच्या बाईंनी नथीच्या घाटाचं मण्यांचं पेंडंट मागितलं तेव्हा, आणि आकडा बघून मीच लाजले आणि निम्मे सांगितले. तू लाजू नकोस.

आता ज्यासाठी मुख्य फोन केला होतास ते. दादाच्या बाळाचं बोरन्हाण. तू म्हणालीस, बाजारात पुठ्ठ्यावर हलवा चिकटवलेले दागिने तयार मिळतात, तेच आणून वर थोडे मणी लावूया. मुक्ते, ते नको. बाळ दहा महिन्यांचं आहे, हातात येईल ते तोंडात घालेल, आणि त्या पुठ्ठ्यावर कसला गोंद असतो कोणास ठाऊक. त्याच्या अंगावर काचेचा एकही मणी नको, मनगट्यासुद्धा फोटोपुरत्या आणि कोणीतरी शेजारी बसलेलं असतानाच. दागिने हलव्याचे, आणि दोऱ्यात बांधलेले. तेही फोटो झाले की लगेच काढून घ्यायचे. हलवा आपण घरी करू.

हो, करू. संक्रांतीला अजून महिना आहे, तू आठवडाभर सुट्टी काढून ये. माझी शेगडी माळ्यावर आहे, बाबाला काढायला सांग. हलवा हेसुद्धा मणी करण्याचंच काम आहे, फक्त काचेऐवजी साखरेचं. साबुदाणा घ्यायचा, थोडी खसखस, थोडे तीळ, म्हणजे तीन आकार मिळतात. साखरेचा एकतारी पाक, त्यात चमचाभर दूध घालून मळी काढून टाकलेली. निखाऱ्यावर राख सारून मंद आचेवर परात, परातीत दाणे, आणि त्यांच्यावर चमचा, अर्धा चमचा पाक. बोटांनी हलवत राहायचं, तो पाक दाण्यांवर सुकेपर्यंत, मग पुन्हा अर्धा चमचा. पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी दाणे नुसते पांढरे होतात. तुला वाटेल, पळीभर पाक ओतावा म्हणजे एकदाचा उरकेल. ओतलास की दाणे एकमेकांना चिकटून गोळा झालाच. आच वाढवलीस तर साखर पिवळी पडते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र एका पहाटे, गारठा असेल आणि हवा कोरडी असेल तर, बोटांना काहीतरी टोचायला लागतं. हलव्याला काटा फुटतो. तो क्षण मी साठ-एक संक्रांतींत पाहिला असेन, तरी दर वेळी मी मोठ्याने ओरडते आणि शेजारच्या काकू विचारतात, काय झालं. उन्हं चढली, हवेत दमटपणा आला की काटा फुटत नाही, म्हणून पाच वाजता उठायचं. तुला उठवायची जबाबदारी माझी. पांघरूण कोणाचं ओढायचं ते मला माहीत आहे.

हलव्याला भोक पाडता येत नाही, दाणा फुटतो. म्हणून पांढरा दोरा दुहेरी घेऊन प्रत्येक दाण्याला फास घालायचा; काट्यांमुळे दोरा निसटत नाही. फास घालायचा, सरकवायचा, दाण्यापाशी नेऊन मग ओढायचा. वर पटवेकऱ्याचं सांगितलं ना, तेच इथे. बाळाला मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा आणि हातात बासरी. बासरीसाठी बोरूची काडी मी घाटावरून आणून ठेवली आहे. नंतर डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे ओतले की सगळी पोरं त्यावर तुटून पडतील आणि आपण हलव्याचे दागिने काढून आधी उंचावर ठेवायचे, नाहीतर मुकुटाचा निम्मा भाग खाल्लेला सापडतो. तुझ्या बोरन्हाणात तूच स्वतःचा बाजूबंद चाटून संपवला होतास. फोटोत एका दंडावर नुसता दोरा आहे, बघ हवं तर.

डब्यात काय काय आहे ते सांगून टाकते, म्हणजे शोधाशोध नको. वरच्या कप्प्यात सुया, काजळाच्या रिकाम्या डबीत. त्यातल्या दोन वाकल्या आहेत, त्या टाकू नकोस, वाकलेली सुई गोल बांगडीच्या आतल्या बाजूला फार सोयीची पडते. एक कात्री, फक्त दोऱ्याची. तिने कागद कापलास तर मला स्वप्नात कळेल. मेण. रेशमाच्या दोन लड्या, एक पांढरी, एक करवंदी. खाली बाटल्या. त्यांच्याखाली खादीच्या रुमालात गुंडाळलेला तो त्रेपन्न मोत्यांचा सर. दर पाच-सहा वर्षांनी त्याचा दोरा बदलावा लागतो, यंदा वेळ झाली आहे आणि माझ्या डोळ्यांना आता गाठ दिसत नाही. सकाळच्या उजेडात, रुमालावरच उसव. मोती आहेत त्याच क्रमाने मांडून ठेव, आकारात फरक केसाएवढा आहे आणि एकदा मिसळले की लावताना जीव जातो. बावन्न गाठी. संक्रांतीला यायच्या आधी झाला नाही तरी चालेल, रुमालासकट इकडे घेऊन ये, आपण शेगडीशी बसून करू.

आईला आणि बाबाला आशीर्वाद, बाळाला गोड पापा. दादाला म्हणावं, फोन करत जा.

तुझी,
आजी

ता. क. डब्याचं झाकण सैल झालं आहे म्हणून त्याला रबर लावलं आहे. ते जुन्या सायकलच्या ट्यूबचं कापलेलं रबर आहे, दुकानात मिळणाऱ्या रबरासारखं उन्हाने तुटत नाही. बाबा ते गाडीत काढून ठेवील आणि विसरेल, तेव्हा डबा हातात घेताना त्याच्याकडून आधी ते मागून घे.